खाऱ्या पाण्याच्या लहान टाकीत मासे सतत दडून राहतात : कारण कसे शोधावे आणि धीट मासे कसे निवडावेत

सोलापुरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणारे लोक मोजकेच आहेत, परंतु त्यांच्यापैकी बहुतेकांकडून एकच तक्रार मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. दुकानात काचेपाशी येऊन बोटामागे फिरणारा मासा मोठ्या हौसेने घरी आणला जातो, पहिले दोन दिवस तो दिसतो, आणि मग दगडांच्या मागे जो जातो तो खाणे टाकल्यावरच बाहेर येतो. मालकाला वाटते की ही जातच बुजरी असावी, म्हणून तो याहून धीट मासा आणतो. त्याचीही आठवडाभरात तीच गत होते, मग आणखी धीट मासा येतो. शेवटी शंभर लिटरच्या टाकीत पाच मासे असतात आणि दिसतो एकच.

तो दिसणारा एक मासा हेच बहुतेक वेळा या तक्रारीचे उत्तर असते. मासा धीट असणे हा केवळ त्याच्या जातीचा गुण नाही. टाकीत कोण आधी आले, लपायला जागा किती आहे आणि पाणी कसे आहे, यांवर त्याचा धीटपणा अवलंबून असतो. म्हणून नवा मासा विकत घेण्याआधी जुने का लपतात याचा छडा लावणे आवश्यक आहे, आणि तो पुढील क्रमानेच लावावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

पहिली तपासणी : मासा घाबरला आहे की आजारी आहे

लपलेल्या माशाचा श्वास प्रथम पाहावा. कल्ल्यांची उघडझाप एका मिनिटात किती वेळा होते हे मासा निरोगी असतानाच मोजून वहीत लिहून ठेवलेले असेल, तर तुलना सोपी होते. श्वास नेहमीसारखा असेल, पोट आत गेलेले नसेल आणि खाणे टाकताच मासा क्षणभर तरी बाहेर येत असेल, तर तो घाबरलेला आहे, आजारी नाही. याउलट श्वास जलद असेल, मासा उजेड टाळत असेल आणि लपायची जागा सोडून पंपाच्या प्रवाहात तोंड धरून राहत असेल, तर ‘व्हेल्वेट’ या परजीवी रोगाचा संशय घ्यावा. क्लाउनफिशमध्ये तो वारंवार आढळतो आणि काही दिवसांत जीव घेतो. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसणे हे खाऱ्या पाण्यातील ‘इक’ या परजीवी रोगाचे लक्षण आहे. या दोन्ही बाबतींत पुढचे सर्व उपाय बाजूला ठेवून माशाला वेगळ्या टाकीत हलवून उपचार सुरू करावेत. तांब्याचे औषध मुख्य टाकीत कधीही घालू नये, कारण त्याने कोळंबी, गोगलगायी आणि इतर अपृष्ठवंशी जीव मरतात.

दुसरी तपासणी : पाणी आणि उष्णता

अमोनिया आणि नायट्राइट शून्य असले पाहिजेत, यात सवलत नाही. नायट्रेट 20 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 20 भाग) आत, तापमान 24 ते 27 अंश सेल्सिअस आणि घनता (गोड्या पाण्याच्या तुलनेत) 1.024 ते 1.026 ही सर्वसाधारण मर्यादा आहे. आकडे सर्वांना पाठ असतात, पण सोलापूरच्या उन्हाळ्यात ते टिकवणे अवघड जाते, म्हणून या मुद्द्यावर थोडे थांबतो.

एप्रिल-मेमध्ये येथे पारा चाळिशी ओलांडतो, आणि पत्र्याच्या किंवा थेट गच्चीखालच्या खोलीत टाकीचे पाणी दुपारी सहज 31-32 अंशांवर जाते. खाऱ्या पाण्यात मुळातच गोड्या पाण्यापेक्षा प्राणवायू कमी विरघळतो. समुद्राइतके खारे पाणी 25 अंशांना लिटरमागे जेमतेम पावणेसात मिलिग्रॅम प्राणवायू धरू शकते आणि 30 अंशांना सव्वासहाच्या आसपास. त्याच वेळी उष्णतेमुळे माशांची प्राणवायूची गरज वाढलेली असते. अशा वेळी सर्वांत चपळ मासासुद्धा हालचाल थांबवून एका जागी बसतो आणि पाहणाऱ्याला तो लाजल्यासारखा वाटतो. दुपारी दोन ते सायंकाळी सात या वेळेतच मासे गायब होत असतील आणि सकाळी सर्वजण बाहेर असतील, तर कारण दुसरीकडे शोधण्याची गरज नाही.

यावर आपल्या हवेचाच उपयोग करून घेता येतो. उन्हाळ्यात सोलापूरची हवा कोरडी असल्यामुळे पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंखा तिरपा सोडला, तर बाष्पीभवनाने पाणी दोन ते चार अंशांनी उतरते. कोकणातल्या दमट हवेत हाच पंखा फारसे काम करीत नाही. मात्र याची दुसरी बाजू लक्षात ठेवावी लागते. पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. नव्वद लिटर पाण्यातून दिवसाला दोन लिटर उडाले आणि तीन दिवस भर घातली नाही, तर 35 पीपीटी (हजार भागांत 35 भाग) क्षारता साडेसदतीसवर पोहोचते. म्हणून रोज, शक्य असल्यास दिवसातून दोनदा, गोड्या आरओ पाण्याची भर घालावी. उडालेल्या पाण्याच्या जागी खारे पाणी घालण्याची चूक नवशिक्यांकडून हमखास होते.

आरओ पाण्याबद्दल एक सूचना येथेच देतो. घरातील पिण्याच्या आरओ यंत्रात बहुधा चवीसाठी थोडे कच्चे पाणी पुन्हा मिसळण्याची सोय किंवा क्षार सोडणारी नळकांडी असते, त्यामुळे तोटीतून येणाऱ्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) पन्नास-शंभर दिसतो. टाकीसाठी पाणी त्या टप्प्याच्या आधी, थेट पडद्यानंतरच्या नळीतून काढून घ्यावे. महापालिकेचे काही दिवसांआड येणारे आणि घरी साठवलेले पाणी मीठ मिसळून थेट वापरणे मी कोणालाही सुचवणार नाही.

वीज गेल्यावर प्रवाह थांबतो आणि लहान टाकीतला प्राणवायू झपाट्याने घटतो. घरात इन्व्हर्टर असेल तर त्यावर दिवे नकोत, फक्त एक वेव्हमेकर (पाणी फिरवणारा छोटा पंप) जोडावा. नसेल तर बॅटरीवरचा हवा पंप हाताशी ठेवावा.

तिसरी तपासणी : टाकीतला दांडगा कोण

पाणी ठीक आहे आणि मासे निरोगी आहेत, तरीही लपतात, असे ठरल्यावर टाकीसमोर अर्धा तास अजिबात न हलता बसावे. आपण समोर असताना दांडगा मासा खाण्याच्या आशेने काचेपाशी घुटमळतो आणि सभ्य वागतो, त्यामुळे मोबाइल समोर उभा करून तासभर चित्रीकरण करणे अधिक खात्रीचे आहे. दिवे बंद झाल्यावर लाल कागद लावलेल्या विजेरीने कोण कोणत्या कपारीत झोपतो तेही पाहावे. ज्या माशाला झोपायला जागा मिळालेली नाही आणि जो वरच्या कोपऱ्यात, गाळणीच्या नळीमागे किंवा उघड्यावर थरथरत रात्र काढतो, त्याला तेथे कोणीतरी हाकलून लावलेले असते. याला एक अपवाद आहे. क्लाउनफिश वरच्या कोपऱ्यात कलंडून झोपतात आणि ती त्यांची नेहमीची सवय आहे.

दांडगाई बहुतेक वेळा डॅमसेल या लहान, पण भांडखोर माशांकडून होते, आणि त्याचे मूळ आपल्या एका जुन्या सवयीत आहे. नवी टाकी सुरू करताना ‘हा मासा काटक आहे, याच्यावर टाकी तयार करून घ्या’ असे सांगून एखादा स्वस्त डॅमसेल दिला जातो. मी माझ्या पहिल्या टाकीत असाच काळा, अंगावर तीन पांढरे ठिपके असलेला डॉमिनो डॅमसेल सोडला होता. आणला तेव्हा तो अंगठ्याच्या नखाएवढा होता. ही जात पुढे तेरा-चौदा सेंटिमीटरपर्यंत वाढते, हे विकणाऱ्याने सांगितले नाही आणि मी विचारलेही नाही. दीड महिना तो एकटाच टाकीत होता, आणि त्या काळात संपूर्ण टाकी ही त्याची हद्द झाली. नंतर आणलेले दोन क्लाउनफिश आणि एक फायरफिश यांच्याकडे मी बुजरे म्हणून पाहत राहिलो. फायरफिश एका पहाटे टाकीबाहेर, फरशीवर वाळलेला सापडला. तो मुळातच भित्रा आणि उडी मारणारा मासा आहे, टाकीवर जाळी नव्हती, आणि त्याला उडी मारायला लावणारा मासा मी स्वतः आत सोडलेला होता. ही गोष्ट आजही मनाला लागते, म्हणूनच लिहितो आहे.

टाकी तयार करणे म्हणजे तिच्यात अमोनिया पचवणारे जिवाणू रुजवणे, आणि त्यासाठी मासा वापरण्याचे कारणच उरलेले नाही. अमोनियम क्लोराइडचे द्रावण घालून अमोनिया 2 पीपीएमपर्यंत न्यावा आणि तो चोवीस तासांत शून्यावर येऊन नायट्राइटही शून्य दिसेपर्यंत वाट पाहावी. याला साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात.

दांडगा मासा सापडल्यावर काय करावे

त्याला पकडून दुकानात परत करणे हा सर्वांत स्वच्छ उपाय असला, तरी दगडांमधून डॅमसेल जाळीने पकडणे जवळजवळ अशक्य असते. पाण्याच्या बाटलीचे तोंड कापून ते उलटे आत बसवावे, आत थोडे खाणे ठेवावे आणि बाटली वाळूवर आडवी ठेवावी. एक-दोन दिवसांत उपाशी दांडगा स्वतःहून आत जातो. तो धीट असल्यामुळे बहुधा तोच पहिला अडकतो.

त्याला ठेवायचाच असेल, तर भोके पाडलेल्या पारदर्शक डब्यात त्याच टाकीत चार-पाच दिवस बंद ठेवावे. त्या काळात दगडांची मांडणी मोडून नव्याने करावी, इतर माशांना आपापल्या कपारी धरू द्याव्यात आणि मग त्याला सोडावे. जुनी हद्द ओळखू येत नसल्यामुळे आता तो नवखा ठरतो. सोडल्यानंतरचे दोन-तीन दिवस टाकीच्या एका बाजूला बाहेरून आरसा टेकवून ठेवला, तर तो स्वतःच्या प्रतिबिंबाशी भांडत बसतो आणि बाकीच्यांना उसंत मिळते. आरसा दिवसभर ठेवू नये, तासाभराने काढावा. हे उपाय माझ्या पाहण्यात पिवळ्या शेपटीच्या डॅमसेलवर लागू पडले. डॉमिनोवर पडले नाहीत, आणि त्याला शेवटी मोठ्या टाकीवाल्या स्नेह्याकडे द्यावे लागले.

चौथी तपासणी : आसरा आणि आजूबाजूची जागा

लपायला जागा कमी ठेवली तर मासे अधिक दिसतील, असा समज फार पसरलेला आहे आणि तो पूर्ण चुकीचा आहे. मागे जाण्यासाठी सुरक्षित कपार आहे हे माहीत असलेला मासाच मोकळ्यावर येतो. प्रत्येक माशाला किमान दोन कपारी मिळतील, एका कपारीला दोन तोंडे असतील आणि दगड एकाच भिंतीऐवजी दोन वेगळ्या ढिगांत असतील, अशी मांडणी करावी. दोन ढिगांमधली वाळूची मोकळी पट्टी दोन हद्दींमधली सीमा म्हणून उपयोगी पडते. दगड कोरडे, रीतसर विकले जाणारे असावेत. प्रवाळ आपल्या देशात वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत आणि किनाऱ्यावरून ते उचलून आणणे गुन्हा आहे.

माझ्या एका परिचिताची टाकी या शहराच्या पूर्व भागात आहे. पाणी उत्तम, मासे दोनच आणि एकमेकांशी समजुतीने राहणारे, तरी दिवसा दोघेही बेपत्ता असत. आम्ही तीन महिने पाण्याच्या चाचण्या करीत राहिलो. एकदा सुटीच्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो, तर दोन्ही मासे भर दुपारी काचेसमोर फिरत होते. टाकी ज्या भिंतीला टेकलेली होती, तिच्या पलीकडे यंत्रमागाची खोली होती, आणि त्या दिवशी माग बंद होते. माशांना शरीराच्या दोन्ही बाजूंवरील पार्श्वरेषेमुळे पाण्यातले अत्यंत सूक्ष्म हादरे जाणवतात, आणि तो खडखडाट त्यांना दिवसभर अंगावर घ्यावा लागत होता. टाकी समोरच्या भिंतीकडे, भिंतीपासून चार बोटे अंतर ठेवून हलवली आणि टेबलाच्या पायांखाली जाड रबर घातले. पंधरवड्यात फरक पडला. माग नसले तरी दाराची धडधड, काचेला लागून ठेवलेला ध्वनिवर्धक किंवा टाकीमागून जाण्या-येण्याची वाट यांचाही असाच परिणाम होतो. टाकीच्या मागच्या आणि एका बाजूच्या काचेला काळा कागद लावणे हा अगदी अल्प खर्चाचा, पण गुणकारी उपाय आहे.

मग धीट मासे कोणते निवडावेत

येथे मी अडीच फूट लांब आणि सव्वा-सव्वा फूट रुंद व उंच, म्हणजे सुमारे 110 लिटरची, दगड-वाळू वजा जाता नव्वदेक लिटर पाण्याची टाकी गृहीत धरतो. एवढ्या जागेत तीन, फार तर चार मासे, आणि पूर्ण वाढ झाल्यावरही कोणाची लांबी दहा सेंटिमीटरच्या फार पुढे जाऊ नये.

माझी पहिली पसंती हॅचरीत (मत्स्य पैदास केंद्रात) वाढलेल्या ओसेलॅरिस क्लाउनफिशच्या जोडीला आहे. हॅचरीतला मासा जन्मापासून माणसाची सावली आणि कोरडे खाणे ओळखतो, त्यामुळे समुद्रातून पकडलेल्या माशापेक्षा तो कितीतरी लवकर रुळतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिश आणि काही डॅमसेल यांच्या पैदाशीचे तंत्र देशातच विकसित केलेले आहे, म्हणून हॅचरीचा मासा मागणे ही अवास्तव अपेक्षा नाही. जोडी घेताना एक मोठा आणि एक स्पष्टपणे लहान घ्यावा. या जातीत सर्वांत मोठा आणि वरचढ मासा मादी होतो आणि त्याखालचा नर राहतो, त्यामुळे आकारातला फरक आधीच असेल तर भांडण लवकर मिटते. दोन्ही मोठे घेतले तर दोघेही मादी होण्याच्या वाटेवर असतात आणि एकाचा जीव जाऊ शकतो. ‘मरून’ आणि ‘टोमॅटो’ या जातींचे क्लाउनफिश दिसायला देखणे असले तरी या आकाराच्या टाकीत ते घेऊ नयेत.

दुसरी पसंती थोडी अनपेक्षित वाटेल. पिवळा वॉचमन गोबी हा मोकळ्यावर पोहणारा मासा नव्हे, पण पिस्तूल कोळंबीसोबत ठेवला तर तो दिवसभर बिळाच्या तोंडाशी पहारा देत बसतो. कोळंबीची दृष्टी अधू असते. ती बीळ उकरते, माशाला मिशीने स्पर्श करीत राहते आणि धोका दिसताच मासा शेपटी हलवून तिला सावध करतो. लहान टाकीत याहून रंगतदार व्यवहार मी पाहिलेला नाही. दगड मात्र वाळूवर न ठेवता तळाच्या काचेवर टेकवून मग वाळू भरावी, अन्यथा कोळंबीच्या उकरण्याने ढीग कोसळतो.

ज्यांना सतत वर-खाली धावणारा रंगीत मासा हवा आहे, त्यांनी पिवळ्या शेपटीचा निळा डॅमसेल घ्यावा, एकच घ्यावा आणि सर्वांत शेवटी सोडावा. तो सुमारे सात सेंटिमीटरपर्यंतच वाढतो आणि डॅमसेलांमध्ये त्यातल्या त्यात सौम्य आहे. त्याऐवजी ऑर्किड डॉटीबॅक मिळाला तर उत्तमच. तांबड्या समुद्रातला हा जांभळा मासा हॅचरीतही तयार होतो आणि धीट असूनही त्याच्या भाऊबंदांइतका भांडखोर नाही. जांभळा-पिवळा दुरंगी रॉयल डॉटीबॅक मात्र टाळावा. दोघांतला फरक दुकानात नीट पाहून घ्यावा.

सिक्स लाइन रॅस या माशाची शिफारस अनेकजण करतात. तो चपळ आहे, सुंदर आहे आणि दगडांवरचे बारीक किडे टिपून खातो. तरीही दीडशे लिटरपेक्षा लहान टाकीत मी तो सुचवत नाही, कारण स्थिरावल्यावर तो नंतर येणाऱ्या प्रत्येक माशाचा पाठलाग करतो. निळा टँग लहानपणी कितीही मोहक वाटला, तरी तो तीस सेंटिमीटरपर्यंत वाढणारा मासा आहे. मँडरिन माशाला जिवंत सूक्ष्म कवचधारी जीव सतत खायला लागतात, आणि नव्या लहान टाकीत त्याची उपासमार होते.

सोडण्याचा क्रम निवडीइतकाच महत्त्वाचा आहे. आधी गोबी, दोन-तीन आठवड्यांनी क्लाउनफिशची जोडी, आणि डॅमसेल किंवा डॉटीबॅक अखेरीस. क्लाउनफिश निर्धास्तपणे मोकळ्यावर फिरू लागले, की इतर माशांनाही बाहेर धोका नाही असा संकेत मिळतो आणि गोबीसुद्धा बिळातून अधिक बाहेर येतो.

दुकानात आणि प्रवासात

मासा निवडताना दुकानदाराला त्याला आपल्यासमोर खायला घालण्याची विनंती करावी आणि न खाणारा मासा कितीही धीट दिसला तरी घेऊ नये. दुकानातल्या पाण्याची घनता अवश्य विचारावी. अनेक ठिकाणी मीठ वाचवण्यासाठी आणि परजीवी रोखण्यासाठी ती 1.018 ते 1.020 ठेवलेली असते. तेथून थेट 1.025 मध्ये सोडलेला मासा दोन दिवसांनी कोपऱ्यात जाऊन बसतो, आणि आपण त्याला बुजरा ठरवतो. वीस-तीस लिटरच्या वेगळ्या टबात दुकानाइतक्याच घनतेचे पाणी तयार ठेवावे आणि दिवसाला 0.001 ते 0.002 इतकीच वाढ करीत आठवडाभरात ती आपल्या टाकीच्या पातळीवर आणावी. हाच टब चार आठवड्यांच्या विलगीकरणासाठीही उपयोगी पडतो.

बहुतेक मासे आपल्याकडे मुंबईहून रात्रीच्या गाडीने येतात. सिद्धेश्वर एक्सप्रेसने आलेली पिशवी घरी पोहोचेपर्यंत बारा तासांच्या आसपास बंद असते. श्वासातून साचलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पिशवीतील पीएच उतरतो आणि साचलेला अमोनिया कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडताच वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून लांबच्या प्रवासातून आलेल्या माशाला उघड्या पिशवीत तासभर थेंब-थेंब पाणी सोडत बसू नये. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटे टबात तरंगत ठेवून तापमान जुळवावे, मग ती उघडावी आणि मासा हलकेच टबात घ्यावा. पिशवीतले पाणी फेकून द्यावे. त्या दिवशी दिवे बंद ठेवावेत आणि टबावर अर्धी चादर पांघरावी.

मुख्य टाकीत सोडल्यावर तीन ते सात दिवस लपून राहणे स्वाभाविक आहे. या काळात रोज ठरलेल्या वेळी, दिवसातून दोनदा, गोठवलेली मायसिस कोळंबी चिमूटभर एकाच ठिकाणी सोडावी आणि काचेपासून दोन पावले मागे उभे राहावे. दगड हलवून मासा शोधू नये. तीन आठवड्यांनंतरही तो खाण्याच्या वेळी पूर्ण बाहेर येत नसेल, तर पुन्हा श्वास मोजण्यापासून सुरुवात करावी, आणि या वेळी चित्रीकरण दिवसाच्या तीन वेगवेगळ्या वेळी करावे.